गुणसूत्रं कुठे तुटतात? माणूस-उंदीर जीनोमांचं एक प्रकरण

जून २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात सहा पानांचा एक लेख छापून आला. लेखक दोघे, सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले पावेल पेवझनर आणि ग्लेन टेस्लर. दोघांचीही मूळ बैठक गणिताची. लेखात नवा प्रयोग नव्हता, कुठला नवा जीनोम वाचलेला नव्हता. आदल्या वर्षीच सगळ्यांसाठी खुला झालेला उंदराचा जीनोम आणि माणसाचा जीनोम शेजारी शेजारी ठेवून त्यांनी मोजणी केली होती. त्या मोजणीने जवळजवळ वीस वर्षं कुणी प्रश्न न विचारलेलं एक गृहीतक डळमळलं. गुणसूत्रं कुठेही, कशीही, योगायोगाने तुटतात, हे ते गृहीतक.

जीनोम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डीएनएच्या अक्षरांमधले बारीक बदल येतात, म्हणजे एका जागी ए होता तिथे जी आला वगैरे. पण उत्क्रांतीत याहून ढोबळ घडामोडीही होतात. गुणसूत्राचा एक तुकडा दोन्ही टोकांना सुटतो, उलटा होतो आणि तिथेच पुन्हा जोडला जातो. हे इन्व्हर्जन. दोन गुणसूत्रं आपली टोकं एकमेकांशी बदलतात, ते ट्रान्सलोकेशन. कधी दोन गुणसूत्रं जुळून एक होतात, कधी एकाची दोन होतात. हे सगळं किती टोकाला जाऊ शकतं याचं उदाहरण आपल्या सह्याद्रीतच आहे. भेकराच्या मादीत अवघी ६ गुणसूत्रं असतात, नरात ७. त्याच्या चिनी भाऊबंदात, रीव्हजच्या भेकरात, ती ४६ असतात. दोन्ही प्राणी दिसायला भेकरंच.

अक्षरं तीच, मांडणी वेगळी, हे सगळ्यात स्वच्छ दिसलं ते १९८८ मध्ये, आणि तेही भाजीत. जेफ्री पामर आणि लॉरा हर्बन यांनी कोबी आणि सलगम यांचे मायटोकाँड्रियाचे डीएनए ताडून पाहिले. जनुकांची अक्षरं ९९ टक्क्यांच्या आसपास सारखी निघाली, पण जनुकांचा क्रम पार विस्कटलेला. हा फरक तीन इन्व्हर्जन्समध्ये भरून निघतो. म्हणूनच १९९५ मध्ये श्रीधर हन्नेनहळ्ळी आणि पेवझनर यांनी आपल्या अल्गोरिदमच्या लेखाला ‘कोबीचं सलगम करताना’ अशा अर्थाचं नाव दिलं, आणि त्याच वर्षी ‘माणसांचे उंदीर करताना’ अशा अर्थाचा दुसरा लेख लिहिला. नावं गमतीची आहेत. आतला निकाल मात्र भक्कम: प्रत्येक तुकड्याची दिशा माहीत असेल, तर एका मांडणीवरून दुसरीवर जायला कमीत कमी किती इन्व्हर्जन्स लागतील हे संगणक झटपट आणि अचूक सांगू शकतो. दिशा माहीत नसेल तर हाच प्रश्न अवघड गटात जातो. ते कापरारा यांनी १९९७ मध्ये सिद्ध केलं. (याच्या चुलत प्रश्नावर, म्हणजे पॅनकेकची चळत फक्त वरून उलटून लावण्यावर, १९७९ मध्ये बिल गेट्स यांनी पापादिमित्रिऊ यांच्यासोबत शोधनिबंध लिहिला होता.)

जुनं गृहीतक आलं कुठून

गृहीतक नुसत्या शब्दांत जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांच्या १९७३ च्या लेखनात होतं. त्याला आकडे दिले जोसेफ नॅडो आणि बेंजामिन टेलर यांनी, १९८४ मध्ये. त्या काळी माणूस आणि उंदीर दोघांच्याही नकाशावर जागा ठाऊक असलेली जनुकं मूठभर. तेवढ्या तुटपुंज्या माहितीवर त्यांनी अंदाज बांधला की दोन्ही प्राण्यांत अखंड राहिलेल्या तुकड्यांची सरासरी लांबी ८.१ सेंटिमॉर्गन (जनुकांच्या नकाशावर अंतर मोजायचं एकक) असावी, आणि दोघांचे पूर्वज वेगळे झाल्यापासून साधारण १७८ पुनर्रचना झाल्या असाव्यात, ३९ इकडे किंवा तिकडे. जीनोम वाचायचं तंत्र हाताशी नसताना काढलेला हा आकडा पुढच्या नकाशांशी इतका जुळत गेला की आजही त्याचं कौतुक वाटतं.

यामागचा विचार असा. लांबलचक सुतळीवर डोळे मिटून कात्री चालवत गेलं, तर हाती येणाऱ्या तुकड्यांच्या लांब्या एका ठरावीक वक्रात बसतात: छोटे तुकडे पुष्कळ, लांब थोडे, आणि लांबी वाढेल तशी संख्या घातांकी वेगाने घटत जाते. जसजशी नवी जनुकं नकाशावर चढली, तसतशी माणूस-उंदीर तुकड्यांची लांबी याच वक्रात बसत गेली. डिसेंबर २००२ मध्ये नेचर या नियतकालिकात उंदराचा जीनोम प्रसिद्ध झाला. त्यात ३०० किलोबेसपेक्षा (किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरं) मोठे ३४२ अखंड तुकडे मोजले होते, आणि त्यांच्या लांब्या योगायोगाच्या मॉडेलशी ढोबळमानाने जुळतात असंही म्हटलं होतं.

इथे एक तर्कदोष दडलेला होता आणि तो बराच काळ कुणाला खटकला नाही. तुटणं योगायोगाचं असेल तर लांब्या घातांकी वक्रात बसतात, हे बरोबर. पण वक्रात बसल्या म्हणून तुटणं योगायोगाचंच, असं त्यातून निघत नाही. गुणसूत्रावर काही ठराविकच ठिसूळ जागा असतील आणि त्या स्वतःच विखुरलेल्या असतील, तरी मोठ्या तुकड्यांच्या लांब्या तसाच वक्र दाखवतील. एवढ्यावरून दोन मॉडेलं वेगळी ओळखताच येत नाहीत. दुसरी काही मोजणी हवी होती.

एक्स गुणसूत्रावरची मोजणी

ती मोजणी एक्स गुणसूत्रावर हातानेही करून पाहता येते. एक्सची गोष्ट सोपी, कारण सस्तन प्राण्यांत त्यावरची जनुकं सहसा दुसऱ्या गुणसूत्रांवर जात नाहीत (हेही ओहनो यांचंच निरीक्षण). म्हणजे ट्रान्सलोकेशनचा गुंता नाही, फक्त इन्व्हर्जन्स. मेगाबेसच्या, म्हणजे दहा लाख अक्षरांच्या, पातळीवर पाहिलं तर माणूस आणि उंदीर यांच्या एक्सवर ११ ब्लॉक, म्हणजे अखंड राहिलेले तुकडे, सामाईक आहेत. माणसाच्या क्रमाला १ ते ११ आकडे दिले आणि उलट्या दिशेच्या ब्लॉकला उणे चिन्ह दिलं, तर उंदराचा एक्स असा वाचता येतो:

+१ −७ +६ −१० +९ −८ +२ −११ −३ +५ +४

आता सात इन्व्हर्जन्समध्ये याचा माणसाचा क्रम करू. प्रत्येक ओळीत एकच सलग तुकडा उलटलेला आहे:

+१ −७ +६ −१० −९ −८ +२ −११ −३ +५ +४
+१ −७ −६ −१० −९ −८ +२ −११ −३ +५ +४
+१ −७ −६ −१० −९ −८ +२ +३ +११ +५ +४
+१ −७ −६ −३ −२ +८ +९ +१० +११ +५ +४
+१ −७ −६ −५ −११ −१० −९ −८ +२ +३ +४
+१ −७ −६ −५ −४ −३ −२ +८ +९ +१० +११
+१ +२ +३ +४ +५ +६ +७ +८ +९ +१० +११

सहात हे होत नाही. १९९५ च्या प्रमेयाने किमान आकडा सातच येतो.

आता कापे मोजा. उंदराच्या मूळ ओळीत ११ ब्लॉकांमधल्या दहाही फटी माणसाच्या हिशेबाने तुटलेल्या आहेत. शिवाय उजव्या टोकाला ११ ऐवजी ४ आहे, म्हणजे आणखी एक. अशा तुटलेल्या जागांना ब्रेकपॉइंट म्हणतात. एकूण ब्रेकपॉइंट ११. एक इन्व्हर्जन म्हणजे दोन कापे, सात म्हणजे चौदा. चौदा कापे अकरा जागांवर पडायचे, तर किमान तीन कापे आधी कापलेल्या जागीच पडले असणार. वरच्या ओळींत ते दिसतंही: दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पायरीत सहाव्या ब्लॉकच्या उजव्या कडेलाच कापा पडतो.

हे सात टप्पे म्हणजे घडलेला इतिहास नव्हे. सात पायऱ्यांच्या वाटा अनेक आहेत, आणि खरा प्रवास उंदराकडून माणसाकडे नसून दोघांच्या सामाईक पूर्वजाकडून दोन दिशांना झाला. पण वाट कोणतीही घेतली तरी बेरीज तीच राहते. प्रत्यक्षात सातापेक्षा जास्त इन्व्हर्जन्स झाली असतील, तर पुन्हा पुन्हा त्याच जागी पडलेले कापे वाढतील, कमी होणार नाहीत. युक्तिवादाची धार इथे आहे. काटकसरीचा अंदाज चुकला, तरी तो निष्कर्षाच्या बाजूनेच चुकतो.

पेवझनर आणि टेस्लर यांनी हेच संपूर्ण जीनोमवर केलं. एक मेगाबेस किंवा त्याहून मोठे २८१ ब्लॉक, ब्रेकपॉइंट सुमारे ३००, आणि लागणाऱ्या पुनर्रचना किमान २४५. दुप्पट ४९०. म्हणजे किमान १९० वेळा गुणसूत्र जिथे एकदा तुटलं होतं तिथेच, किंवा अगदी लगत, पुन्हा तुटलं. योगायोगाच्या मॉडेलमध्ये अब्जावधी अक्षरांच्या पट्टीवर तीच जागा दुसऱ्यांदा सापडणं जवळपास अशक्य. म्हणून त्यांनी दुसरं चित्र मांडलं: जीनोम म्हणजे ठिसूळ आणि टणक पट्ट्यांची गोधडी, आणि तुटणं प्रामुख्याने ठिसूळ पट्ट्यांत.

वाद कुठे अडला

सगळ्यात वजनदार हरकत घेतली डेव्हिड सँकॉफ यांनी. जीनोम पुनर्रचनेच्या गणिताच्या संस्थापकांपैकी ते एक, त्यामुळे ही टीका बाहेरच्या माणसाची नव्हती. सँकॉफ आणि फिल ट्रिन यांचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही एक मेगाबेसखालचे ब्लॉक बाजूला टाकलेत. समजा दोन वेगळ्या ब्रेकपॉइंटांमध्ये एक छोटा ब्लॉक होता. तो टाकला की ते दोन ब्रेकपॉइंट एकमेकांवर येऊन एकच दिसतात, आणि हिशेबात ‘त्याच जागी पुन्हा तुटलं’ अशी नोंद होते. त्यांनी संगणकावर निव्वळ योगायोगाने पुनर्रचना घडवल्या, मग छोटे ब्लॉक गाळले, आणि त्याच जागांचा हा पुनर्वापर आपोआप फुगतो असं दाखवलं.

हरकत खरी आहे. पण ती किती भारी आहे हे कागदावर तपासून पाहण्यासारखं आहे. सुमारे २,९०० मेगाबेसच्या जीनोमवर २८१ ब्लॉक म्हणजे सरासरी दहा मेगाबेसच्या आसपास. घातांकी वक्र खरा धरला, तर एक मेगाबेसहून छोटे ब्लॉक साधारण साडेनऊ टक्के निघावेत. म्हणजे गाळलेले ब्लॉक तीसच्या घरात. १९० जादा कापे लपलेल्या ब्लॉकांनी समजावून सांगायचे, तर ते दीडशे-दोनशेच्या घरात हवेत. आणि इतके छोटे ब्लॉक खरोखरच तिथे असतील, तर घातांकी वक्रच मोडतो. म्हणजे सँकॉफ यांचं म्हणणं पूर्ण मान्य केलं तरी निष्पन्न होतं ते हेच की तुटण्याच्या जागा अगदी जवळजवळ, झुबक्याने आहेत. जुनं मॉडेल दोन्ही बाजूंनी अडचणीत येतं. मूळ लेखात हे सूचित होतं. त्यातले ‘लपलेले’ ब्लॉक म्हणजे हेच.

२००६ मध्ये पेंग, पेवझनर आणि टेस्लर यांनी सविस्तर उत्तर दिलं. सँकॉफ-ट्रिन यांची ब्लॉक बनवण्याची पद्धतच सदोष आहे, आणि वास्तवाशी मिळतेजुळते आकडे घातले की कृत्रिम पुनर्वापर माणूस-उंदरात दिसणाऱ्या पातळीपर्यंत पोचत नाही, असा त्यांचा दावा. मला यातली मोलाची गोष्ट कोण जिंकलं ही वाटत नाही. दोन्ही गट अल्गोरिदमवर भांडत नव्हते, किमान अंतर काढण्याचं गणित दोघांनाही मान्य होतं. भांडण होतं त्याच्या आधीच्या पायरीवर: दोन जीनोमांमधल्या लक्षावधी जुळणाऱ्या जागांमधून ‘ब्लॉक’ म्हणून काय उचलायचं. किती अंतरापर्यंतच्या जुळण्या एकत्र बांधायच्या, मधला छोटा उलटा तुकडा निव्वळ चूक समजून पुसायचा की ठेवायचा, किती छोटं म्हणजे फारच छोटं. शोधनिबंधात ही बाब बहुधा ‘पद्धती’च्या एका परिच्छेदात उरकलेली असते, आणि निकाल बहुतांशी तिथेच ठरतो. नेचरमधले ३४२ आणि पेवझनर-टेस्लर यांचे २८१ हे दोन आकडे एकाच जोडीचे आहेत हे लक्षात घेतलं म्हणजे पुरे. त्यांची थेट वजाबाकी करण्यातही अर्थ नाही, कारण उंबरठा आणि पद्धत दोन्ही वेगळी.

दुसरी हरकत अधिक तांत्रिक होती. एखादा तुकडा एका जागेवरून उचलून दुसरीकडे बसला, तर प्रत्यक्षात कापे तीन पडतात. पण फक्त इन्व्हर्जन्सच्या भाषेत तीच घटना तीन पायऱ्यांची, म्हणजे सहा काप्यांची होऊ शकते. मग पुनर्वापराचा भास होणारच. मॅक्स अलेक्सेयेव आणि पेवझनर यांनी २००७ मध्ये अशा घटना मोकळ्या हाताने धरूनही हिशेब केला, तरी पुनर्वापर पुसला गेला नाही.

तिसऱ्या साक्षीदाराची वाट फार पाहावी लागली नाही. २००५ मध्ये विल्यम मर्फी, डेनिस लार्किन, हॅरिस लेविन आणि सहकाऱ्यांनी सायन्स या नियतकालिकात आठ सस्तन प्राण्यांच्या नकाशांची तुलना छापली. त्यात गाय, डुक्कर, कुत्रा, मांजर, घोडा यांच्यासारखे प्राणी असल्यामुळे माणूस-उंदीर जोडीवरचं अवलंबन संपलं. तिथेही ब्रेकपॉइंटांपैकी जवळपास २० टक्के जागा वेगवेगळ्या वंशांत पुन्हा वापरलेल्या निघाल्या. शिवाय या जागांभोवती जनुकांची दाटी जास्त होती.

ठिसूळ म्हणजे नेमकं काय

गणिताने ‘तिथेच पुन्हा’ एवढं सांगितलं, ‘का’ ते नाही. एक कारण प्रयोगशाळेत आधीपासून माहीत होतं. गुणसूत्रावर जवळजवळ एकसारख्या लांब प्रती असल्या की जननपेशी तयार होताना त्या चुकून एकमेकींशी जुळतात, आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेने असतील तर मधला तुकडा उलटतो. रक्त गोठायला लागणाऱ्या एका प्रथिनाच्या, एफ८ नावाच्या जनुकातलं इन्व्हर्जन याच पद्धतीने होतं. तीव्र हिमोफिलिया ए (रक्त न गोठण्याचा आनुवंशिक आजार) च्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत कारण तेच, आणि तेही एकमेकांशी नातं नसलेल्या घराण्यांत नव्याने घडलेलं. जागा एक्सवरची, दर वेळी तीच.

पण सगळे ब्रेकपॉइंट अशा प्रतींपाशी नाहीत. २०१५ मध्ये कामीय बर्तेलो, ह्यूग रोएस्त क्रोलियस आणि सहकाऱ्यांनी सेल रिपोर्ट्समध्ये दुसरी दिशा दाखवली: डीएनए केंद्रकात जिथे मोकळा, उघडा असतो तिथे तो तुटण्याची शक्यता जास्त, आणि घडीत जवळ आलेल्या अशा जागा चुकीच्या जोडल्या जातात. शिवाय नैसर्गिक निवडीची बाजू आहेच. कापा कुठेही पडू शकतो, पण जनुकाच्या किंवा त्याला चालवणाऱ्या दूरच्या स्विचच्या मधोमध पडला तर तो प्राणी टिकत नाही, आणि तो कापा आपल्याला कधीच दिसत नाही. २०१८ मध्ये गिबनच्या विस्कटलेल्या जीनोमवर झालेल्या कामातही ब्रेकपॉइंट डीएनएच्या घड्यांच्या सीमांवर येताना दिसले. म्हणजे ‘टणक’ पट्ट्यांपैकी काही खरोखर न तुटणाऱ्या असतील, तर काही तुटल्या तर प्राणी वाचत नाही अशा. हे दोन प्रकार वेगळे काढणं ब्रेकपॉइंटांच्या नुसत्या मोजणीने जमणार नाही. इथे पेवझनर-टेस्लर यांचं चित्र जरा सरधोपट होतं असं मला वाटतं. ‘ठिसूळ’ हा शब्द वाचताना डीएनएचाच गुणधर्म असल्यासारखं वाटतं.

त्या चित्राला पुढे त्याच घराण्यातून दुरुस्ती मिळाली. अलेक्सेयेव आणि पेवझनर यांनी २०१० मध्ये दाखवलं की ठिसूळ जागा कायमच्या नसतात. जवळच्या दोन वंशांत पुनर्वापर जास्त दिसतो, लांबच्या वंशांत कमी. जागा जन्मतात, काही काळ तुटत राहतात, आणि शांत होतात. एकसारख्या प्रतीच मूळ कारण असतील तर हे अपेक्षितच आहे: प्रती नव्या बनतात, आणि अक्षरं बदलत जाऊन त्यांची एकमेकींशी जुळण्याची क्षमता संपते.

सगळ्यात ठोस पुरावा मात्र २८१ ब्लॉकांच्या यादीत येऊच शकत नव्हता. माणसाच्या एक्सवर, एफ८ पासून फार दूर नाही अशा जागी, एफएलएनए आणि ईएमडी ही दोन जनुकं शेजारी आहेत. ती सामावणारा तुकडा सुमारे ४८ किलोबेसचा आणि दोन्ही बाजूंना उलट्या दिशेच्या, जवळजवळ एकसारख्या प्रती. माणसांतच काहींमध्ये हा तुकडा सरळ असतो, काहींमध्ये उलटा, आणि त्याने प्रकृतीला काही होत नाही. २००७ मध्ये मारिओ कासेरेस आणि सहकाऱ्यांनी हीच जागा इतर सस्तन प्राण्यांत तपासली. सस्तनांच्या उत्क्रांतीत हा एवढासा तुकडा किमान दहा वेळा स्वतंत्रपणे उलटला असल्याचं त्यांना आढळलं. एक मेगाबेसच्या उंबरठ्याखाली तो वीसपट लहान पडतो, त्यामुळे २००३ च्या हिशेबात ही दहाही इन्व्हर्जन्स शून्य धरली जातात.